एका शिट्टीचे पुल्ड पोर्क

कोणताही पदार्थ शिजवल्याचे सांगितले की माझ्या आईला पहिला प्रश्न पडतो तो शिट्ट्यांचा. नॉर्थ कॅरोलायनातील केरी या गावी राहायला आल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी तिनेच लग्नात दिलेल्या पाच लिटरच्या ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये पुल्ड पोर्क, म्हणजे मऊ शिजवून धागे धागे ओढलेले डुकराचे मांस, करून पाहिले आणि ते पार फसल्याचे तिला कोल्हापूरला फोन करून सांगितले. आपल्या कुकरमध्ये डुकराचे मटण शिजले, हे पचवायला तिला थोडा वेळ लागला असावा, कारण पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग ती म्हणाली, "किती शिट्ट्या काढल्यास?" मी म्हटले, "बारा." "मग फसणारच की. बोकडाला तरी एवढ्या काढतो का आपण?" तिचा निकाल बरोबर होता, कारणे मात्र वेगळी होती, आणि ती कळायला मला आणखी दोन कुकर भरून मटण वाया घालवावे लागले.

येथील लोक ज्याला नुसते 'बार्बेक्यू' म्हणतात, तो पदार्थ म्हणजे डुकराचे मांस. अंगणातल्या शेगडीवर बर्गर भाजण्याला बार्बेक्यू म्हटलेले येथील जुन्या माणसांना खपत नाही. त्याला ते 'कुकआउट' म्हणतात. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुकर लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर शिजवतात, मग त्याचे मांस चिरून त्यावर व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरचीचे पातळ पाणी शिंपडतात. एडन या छोट्या गावात १९४७ पासून चालू असलेल्या 'स्कायलाइट इन' नावाच्या खानावळीत मी हे प्रथम खाल्ले. तेथे जाड लाकडी ठोकळ्यावर सुऱ्यांनी मांस कुटल्यासारखे चिरतात आणि त्यातच कुरकुरीत झालेल्या कातडीचे तुकडे मिसळतात. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला गेले की अख्ख्या डुकराऐवजी फक्त खांदा वापरतात आणि व्हिनेगरच्या पाण्यात थोडे केचप येते. या दोन पद्धतींपैकी खरी कोणती यावरून येथे जे वाद झडतात, त्यांपुढे तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्यावरचे आमच्याकडचे वाद फारच सौम्य वाटतात. दोन्हींत समान आहे ते एवढेच की धूर हवा आणि वेळ हवा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत निखारे पेटवायला परवानगी नाही, आणि नोकरी करून रात्रभर डुकराशेजारी बसणे मला शक्य नाही, म्हणून कुकर.

पहिल्या वेळी माझी चूक दुकानातच झाली. मांसाच्या काउंटरवर मी स्वच्छ, गुलाबी, चरबीचा लवलेश नसलेला तुकडा निवडला, कारण चरबी नसलेले ते चांगले अशी माझी शहाणी समजूत होती. तो पाठीचा तुकडा होता, ज्याला येथे 'लॉइन' म्हणतात. पाठीच्या स्नायूला डुकराच्या आयुष्यात फारसे काम नसते, म्हणून त्यात सांधणारे तंतू कमी असतात. तो थोड्या वेळात शिजतो आणि जास्त वेळ शिजवला की त्याच्यातले पाणी निघून जाते. बारा शिट्ट्यांनंतर मी झाकण उघडले, तेव्हा मांस सुटे झाले होते खरे, पण सुंभ उसवावा तसे. तोंडात टाकले की चावून चावून चोथा उरत होता, आणि वर कितीही सॉस ओतला तरी तो बाहेरच राहत होता.

यासाठी लागतो तो खांदा. त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला येथील खाटीक 'बॉस्टन बट' म्हणतात, जरी तो पुढच्या पायाच्या वरचा भाग असला आणि मागच्या बाजूशी त्याचा काही संबंध नसला तरी. चालताना, उकरताना, मान खाली घालून अंग रेटताना हा भाग सतत राबतो, त्यामुळे तो चिवट असतो. त्यात पांढऱ्या चिकट पडद्यांचे आणि चरबीचे थर विणलेले असतात. या पडद्यांतले कोलॅजन बराच वेळ उष्णतेत राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन होते. ज्याने पायाचा रस्सा प्यायला आहे आणि त्यानंतर ओठ एकमेकांना चिकटल्याचा अनुभव घेतला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मांस सुटे होते ते या विरघळण्यामुळे, आणि सुटे झाल्यावरही रसरशीत लागते ते याच जिलेटिनच्या आवरणामुळे. निव्वळ खाण्यायोग्य होण्याचा प्रश्न असेल तर डुकराच्या अखंड तुकड्याला आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटे विसावा एवढे पुरते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये तशी मर्यादा खाली आणली. पण ६३ अंशांवर खांदा चामड्यासारखा राहतो. काट्याने उकलण्यासाठी तो आतून ९० ते ९५ अंशांपर्यंत जावा लागतो आणि तेथे काही काळ राहावाही लागतो.

निखाऱ्यांवर हे काम रेंगाळते त्याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. मांस ७० अंशांच्या आसपास पोहोचले की त्याच्या पृष्ठभागावरून पाणी उडू लागते आणि घामाने अंग थंड व्हावे तसे ते स्वतःला थंड ठेवते. तासन्‌तास तापमानाचा काटा पुढे सरकत नाही. कुकरमध्ये आत सगळीकडे वाफच कोंडलेली असल्याने पाणी उडायला वावच राहत नाही. शिवाय दाबामुळे पाणी १०० अंशांऐवजी साधारण १२० अंशांवर उकळते. त्यामुळे दहा-बारा तासांचे काम तासाभरात होते. मात्र कुकर देतो तो फक्त मऊपणा. खरपूस कड आणि धूर या दोन गोष्टी त्याच्याकडून कधीच मिळत नाहीत, आणि त्या बाहेरून आणाव्या लागतात, हे मला दुसऱ्या फसगतीनंतर कळले.

दुसऱ्या वेळी खांदा योग्य आणला होता, पण सगळेच एकदम कुकरमध्ये घालून मोकळे होण्याचा मोह मला आवरला नाही. केचप, ब्राऊन शुगर, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट हे सारे कालवून मी मांसावर ओतले आणि त्यातच पाणी आहे असे मानून वेगळे पाणी घातले नाही. साखर आणि टोमॅटोचा तो दाट सॉस तळाला जाऊन बसला. दाट पदार्थाची वाफ होत नाही, तो नुसता खाली लागतो. वीस मिनिटांनी शिट्टी यायची थांबली आणि करपलेल्या साखरेचा वास आला. कुकर उतरवून गार होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तळाशी डांबरासारखा काळा थर होता, आणि तो तीन दिवस भिजवून, घासून निघाला तेव्हा खाली दिसलेला धातू निस्तेज व खरबरीत झालेला होता, कारण ॲल्युमिनियमला व्हिनेगरसारखा आंबट पदार्थ सोसत नाही. मांसालाही धातूची चव उतरली होती. आईचा कुकर मी त्यानंतर भातापुरता ठेवला आणि सहा लिटरचा स्टीलचा, जाड बुडाचा कुकर विकत घेतला.

आता शिट्ट्यांविषयी. शिट्टी हे वेळेचे माप नव्हे. आच मोठी असली तर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतात आणि मंद असली तर तेवढ्याच वेळात एकही होत नाही. डाळ-तांदळाच्या बाबतीत आपापल्या घरच्या शेगडीचा अंदाज बसलेला असतो म्हणून हिशेब जुळतो. तासभर शिजणाऱ्या पदार्थाला हा हिशेब घातक आहे, कारण प्रत्येक शिट्टीबरोबर आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते आणि मी घालते ते एक कप पाणी त्यात केव्हाच संपून जाईल. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच इतकी कमी करायची की वजन किंचित हलत, सुसू करत राहील, पण उचलले जाणार नाही. आणि तेथून पुढे घड्याळ लावायचे. माझ्याकडे गॅस नाही, विजेच्या गुंडाळीची शेगडी आहे, जी बटण कमी केले तरी पुढची कित्येक मिनिटे लालबुंदच राहते. तिच्यापुढे हात टेकल्यावर एक साधी युक्ती सुचली: कुकर तापत असतानाच शेजारची दुसरी शेगडी मंद करून ठेवायची आणि पहिली शिट्टी झाली की कुकर उचलून तिच्यावर ठेवायचा.

माझी सध्याची पद्धत अशी आहे. शुक्रवारी रात्री चार पौंडांचा, म्हणजे सुमारे १८०० ग्रॅमचा, बिनहाडाचा खांदा घेऊन त्याचे मोठ्या मुठीएवढे पाच-सहा तुकडे करते. त्याहून लहान केले तर धागे आखूड पडतात आणि अखंड ठेवला तर आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा पिठूळ होतो. वरची जाड चरबी काढते, आतली तशीच ठेवते. दीड मोठा चमचा मीठ, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर, एक मोठा चमचा धुरावलेली पापरिका, दोन चहाचे चमचे जाडसर मिरी, एक चमचा लसणाची पूड आणि अर्धा चमचा तिखट लाल मिरची हे चोळून रात्रभर फ्रिजमध्ये मुरू देते. धुरावलेली पापरिका म्हणजे ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या स्पॅनिश मिरचीची पूड. रंगाला आपल्या ब्याडगीच्या जवळची, पण डबी उघडताच चुलीची आठवण करून देणारी. तिच्या जोडीला अर्धा चमचा 'लिक्विड स्मोक' घालते, जो खरोखरच लाकडाचा धूर थंड करून पाण्यात धरलेला असतो. ही बाटली पाहून शुद्धतावादी नाके मुरडतात. निखारे नसलेल्या घरात तिचा आधार घेण्यात मला कमीपणा वाटत नाही, मात्र त्याहून थेंबभर जास्त पडला की पदार्थ औषधी लागतो.

शनिवारी सकाळी कुकरच्या बुडाशी दोन चमचे तेल चांगले तापवून तुकडे दोन-दोनच्या घाण्यांनी परतते. एकदम सगळे घातले तर भांडे थंड पडते, मांसाला पाणी सुटते आणि ते भाजण्याऐवजी उकडते. प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटे हात न लावता राहू द्यावे लागते; तळापासून ते आपोआप सुटले की समजावे की कड आली. सुकटीच्या वासावर शेजारी दार वाजवतात असे आमच्याकडे म्हणत. येथे या वासावर निदान धूर ओळखणारा गजर वाजतो, म्हणून आधी खिडकी उघडून ठेवते. साऱ्या घाण्या झाल्यावर त्यात एक कप पाणी ओतून बुडाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी उलथन्याने पूर्ण खरवडून घेते. हा खरवडलेला थर म्हणजे अर्धी चव आहे, आणि तो न खरवडता झाकण लावले तर करपण्याची सुरुवातही तेथूनच होते. मग तुकडे परत रचून, एक कांदा चार फोडी करून टाकून कुकर लावते: एक शिट्टी, आणि मंद आचेवर पन्नास मिनिटे.

पन्नास मिनिटांनंतरची पंचवीस मिनिटे ही माझ्या मते या सगळ्या कामातली कळीची वेळ आहे. तिसऱ्या प्रयत्नात सारे नीट जमले होते, पाहुणे दारात होते, आणि मी चिमट्याने वजन उचलून वाफ एकदम सोडली. दाब उतरताच आतले १२० अंशांचे पाणी भडभडून उकळले. तेच मांसाच्या आतही होते: धाग्यांमध्ये धरून राहिलेला रस उकळून बाहेर फेकला जातो. त्या दिवशी भांड्यात रस भरपूर होता आणि मांस कोरडे होते. आता कुकर शेगडीवरून उतरवून वाफ आपसूक जिरेपर्यंत मी त्याच्याकडे पाहतही नाही. कुकर गार झाल्यावर तुकडे चिमट्याने उचलायला गेले की ते मधूनच ओघळतात आणि पुन्हा रसात पडतात. तसे झाले की ते शिजले. एखादा तुकडा घट्ट राहिलाच तर परत दहा मिनिटे कुकर लावायला संकोच करू नये.

दोन काट्यांनी धागे ओढायचे ते मांस पुरते गरम असतानाच, कारण थंड झाल्यावर जिलेटिन घट्ट होते आणि मग ओढण्याऐवजी तोडावे लागते. मी पसरट परातीत एका काट्याने तुकडा दाबून धरते आणि दुसऱ्याने धाग्यांच्या दिशेने ओढते. मधे सापडणारे चरबीचे पांढरे गोळे बाजूला काढते. फार बारीक करत नाही. करंगळीच्या पेराएवढे, कोठे जाड कोठे बारीक, असे धागे पावात चांगले बसतात. दरम्यान कुकरमधल्या रसावर आलेला तवंग पळीने काढून टाकते, आणि खालचा रस उघड्यावर उकळत ठेवते. एक कप पाण्याचे आता दोन कप झालेले असते, कारण मांसाने आपले सोडलेले असते. ते आटून जेमतेम अर्धा-पाऊण कप उरेपर्यंत वाट पाहते.

लेक्सिंग्टनमध्ये जाणकार गिऱ्हाईक मागणी करतानाच 'आउटसाइड ब्राऊन' मागतो, म्हणजे खांद्याची बाहेरची काळपट, खरपूस कड. कुकरमधून निघालेल्या मांसाला ही कड नसते. आधी परतून आलेली कड वाफेत मऊ पडलेली असते. म्हणून ओढलेले धागे मोठ्या ट्रेमध्ये पसरून, त्यांवर आटवलेल्या रसातला थोडा शिंपडून, ओव्हनच्या वरच्या आचेखाली पाच मिनिटे ठेवते. वरचे धागे टोकांशी काळपट, कुरकुरीत होतात, खालचे मऊ राहतात, आणि दोन्ही कालवले की तोंडात फरक जाणवतो. या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. मी एकदा फोन घ्यायला गेले आणि परत आले तेव्हा पूर्ण ट्रेच 'आउटसाइड ब्राऊन' झाला होता.

सॉस सर्वांत शेवटी. एक कप सफरचंदाचे व्हिनेगर, एक चहाचा चमचा मीठ, एक चमचा साखर, दीड चमचा लाल मिरचीचे चुरलेले तुकडे आणि मिरी बाटलीत घालून आदल्या दिवशी हलवून ठेवायचे, शिजवायचे नाही. एवढाच हा पूर्वेकडचा सॉस. त्यात पाव कप केचप घालून उकळी काढली की पश्चिमेकडचा होतो. पाककृती वाचताना एक कप व्हिनेगर हे मला छपाईची चूक वाटले होते, पण चरबीच्या मांसाला आंबट हवेच असते, हे गोव्यात माडाचे व्हिनेगर घालून पोर्क करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मांसात सुरुवातीला तीन-चार मोठे चमचेच घालते, आटवलेल्या रसाबरोबर कालवते आणि बाटली टेबलावर ठेवते.

पाव मऊ, साधा, बर्गरचाच हवा. कुरकुरीत महागडा पाव आणला तर चावताना मांस मागून बाहेर निसटते. कापलेल्या बाजू तव्यावर लोण्यात किंचित शेकते, म्हणजे रसाने लगेच लगदा होत नाही. प्रत्येक पावात शंभर ग्रॅम मांस, वर दोन चमचे कोबी. कोबी अगदी बारीक चिरून मीठ लावून ठेवते, पाणी पिळून टाकते, आणि त्यात व्हिनेगर, साखर व थोडे केचप घालते. लेक्सिंग्टनची कोबीची लाल कोशिंबीर ती हीच, मेयोनेज नसलेली. चव घेताना मला दर वेळी वाटते की वर हिंग-मोहरीची फोडणी पडली तर काय बहार येईल. एकदा घातलीही होती. चांगली लागली, लेक्सिंग्टनची मात्र राहिली नाही. १८०० ग्रॅम कच्च्या खांद्यातून चरबी आणि पाणी जाऊन किलोभर मांस उरते, म्हणजे दहा सँडविचे.

खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा राज्याच्या पूर्व भागात, तंबाखूच्या शेतांच्या गावात वाढलेले. त्यांच्या लहानपणी कापणी संपली की शेतातच खड्डा खणून डुकर शिजवत. पाचव्या खेपेला मी धीर करून त्यांना एक सँडविच नेऊन दिले आणि ते कसे केले हेही लपवले नाही. त्यांनी पाव उघडला, कोबी बाजूला सारली, नुसत्या मांसाची चिमूट तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. हे बार्बेक्यू नव्हे, असे त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले. मग पाव मिटला, सबंध खाल्ला, आणि व्हिनेगरच्या पाण्यात मिरची थोडी कमी पडली आहे, तेवढी वाढव, असे सुचवले. दीड चमचा मिरची ही त्यांचीच दुरुस्ती आहे. त्याआधी मी एक घालत होते.

उरलेले मांस रसासकट लहान पिशव्यांत भरून गोठवून ठेवते. ते गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये टाकण्यापेक्षा तव्यावर झाकण ठेवून दोन चमचे पाण्यात जिरू द्यावे, मग झाकण काढून खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. दुसऱ्या दिवशीचे मांस मला तरी पहिल्या दिवसापेक्षा सरस वाटते. एक अडचण मात्र बरेच दिवस सुटत नव्हती. नवा कुकर कितीही घासला तरी झाकणाच्या रबरात पापरिकेचा आणि धुराचा वास राहून जायचा, आणि सोमवारी त्यात लावलेल्या तुरीच्या वरणाला तो लागायचा. रबर उन्हात ठेवून पाहिले, व्हिनेगरमध्ये बुडवून पाहिले, लिंबू चोळून पाहिले. शेवटी चार डॉलरचे दुसरे रबर आणले. वासाचे रबर आता एका जुन्या डब्यात वेगळे ठेवले आहे, आणि आई पुढच्या उन्हाळ्यात राहायला येणार असल्याने डब्याच्या झाकणावर जाड अक्षरांत लिहून ठेवले आहे: 'हे वरणाला लावू नये.'